फुटक्या हाकेची ओ

ज्याने डोंगर उभे केले आणि डोंगराच्या पोटात आपलीच हाक आपल्याला परत करणारा नाद ठेवला, जो बोलावल्यावर येतो की नाही हे आजवर कुणाला शपथेवर सांगता आलेलं नाही आणि तरीही ज्याला बोलावल्यावाचून राहवत नाही, त्या दयाघनाच्या पायी आधी मस्तक ठेवतो... आणि मग बोलतो.

नाही, पण तुम्हीच सांगा मंडळी, रान कुणाचं? सरकारी रान... ज्याला कुंपण नाही, फाटक नाही, ज्यात अस्वलसुद्धा कुणाला न विचारता फिरतं, ते रान कुणाचं? "सगळ्यांचं!" असं म्हणून आमचा हॅल्वर टेबलावर मूठ आपटतो, आणि कॉफी सांडते, आणि हॉटेलवाली वर्ना फडकं घेऊन येते आणि म्हणते, "हॅल्वर, रान सगळ्यांचं असेल, टेबल माझं आहे!" तुम्हाला सांगतो, सबंध हिवाळा आमच्या मोंटानातल्या त्या एवढ्याशा गावाने दुसरं काही ऐकलेलं नाही. चर्चच्या पायरीवर तेच, टपालाच्या खिडकीशी तेच, पेट्रोल भरताना तेच... रान सगळ्यांचं आहे! अरे बाबा, आहे ना! नाही कोण म्हणतंय? पण एवढं ओरडतोयस कुणावर?

तर कुणावर ओरडतो ते सांगतो.

हा हॅल्वर लिंडस्टाड म्हणजे रस्त्यावरचं बर्फ लोटणाऱ्या सरकारी गाडीवर उभं आयुष्य काढलेला माणूस. गाडीत एकटा, रस्त्यावर एकटा, पुढे पांढरं, मागे पांढरं, आणि जे लोटलं ते संध्याकाळपर्यंत पुन्हा पडलेलं... अशा माणसाने बोलायचं कुणाशी आणि काय? बोलायचं काम त्याच्या बायकोने, आर्डिसने, आपल्याकडे घेतलं होतं. आणि भाद्रपद लागला, ऊन पिवळं पडलं, की ही दोघं खेचरावर तंबू लादून वर किटली ओढ्याच्या कुरणात जायची... एल्कच्या शिकारीला, धनुष्यबाण घेऊन.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. घोड्याएवढं धूड, डोक्यावर वठलेलं झाड उचलून आणल्यासारखी शिंगं, आणि माजावर आलेला नर आरोळी देतो ती कशी? आधी खर्जात गुरगुर, मग बासरी फुटावी तशी वर वर चढत जाणारी शीळ, आणि शेवटी दम्याच्या म्हाताऱ्यासारखे तीन खाकरे! आता धनुष्याचा पल्ला तो केवढा? तेव्हा जनावराला बोलावून आणावं लागतं. आणि इथेच सगळी गोम आहे हो. हे एकट्याचं काम नाही! एकाने पुढे झाडाआड धनुष्य घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बरंच मागे बसून मादीचा आवाज काढायचा. नर त्या मागच्या आवाजाकडे डोळे लावून येतो आणि पुढच्याच्या बगलेतून जातो. एकटा माणूस हाक देईल तर नर सरळ त्याच्यावरच चालून येणार, बघणार की इथे मादी नाही, एक केविलवाणा निवृत्त माणूस बसलाय... आणि निघून जाणार!

मागे बसायची ती आर्डिस. तिच्याकडे एक लाकडी पिपाणी होती, आणि लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी या धांदरट हॅल्वरने त्या पिपाणीवर बूट ठेवला. आतली जिभाळी, ती वाजणारी पातळ पट्टी, चिरली. तेव्हापासून तिचा आवाज 'हीऽऽयू' असा सरळ जाईना, शेवटाला उचकी लागल्यासारखा 'क्' करून फुटायचा. हीऽऽयू-क्! हॅल्वर म्हणाला, नवी घेतो. ती म्हणाली, "काही नको. उद्या रानात दहा माद्या एकदम ओरडल्या तर तुला तुझी कुठली ते कळायला नको?"

रानात बोलायची सोय नाही, म्हणून ती त्या पिपाणीवरच विचारायची, आहेस ना रे? आणि हा घशातल्या घशात दोन आखूड हुंकार द्यायचा... हुं, हुं. म्हणजे आहे, आहे. आता जगातला कुठलाही एल्क असा हुंकार देत नाही! नवरा देतो. जेवताना वर्तमानपत्रातून मान न काढणारा कुठलाही नवरा देतो! आणि तुम्हाला सांगतो, ही सवय त्यांच्या घरात शिरली. जेवण तयार झालं की आर्डिस ओसरीवर येऊन पिपाणी वाजवायची, हीऽऽयू-क्, आणि मागच्या कोठारातून ओ यायची, हुं, हुं. गावात नवीन आलेले पाद्री पहिल्या आठवड्यात विचारायला आले होते, कुणी आजारी आहे का म्हणून!

गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या भाद्रपदात आर्डिसला डोंगर चढवेना. गेले नाहीत. आणि माघात ती गेलीच. पेटीत ठेवताना हॅल्वरने खिशातून पिपाणी काढली आणि तिच्या लोकरी कोटाच्या खिशात घातली. "तिला लागेल," एवढंच म्हणाला. पाद्र्यांनी काही विचारलं नाही. त्यांना आता माहीत होतं. चर्चच्या बायकांनी भाजलेल्या शेवयांची भांडी आणून फ्रीज भरून टाकला, आठवडाभर माणसं आली, गेली... आणि मग एका दुपारी हा कोठारात हातोडी घेऊन उभा, उभाच, ऊन कलंडलं तरी उभा. का? तर जेवायला बोलावणं आलं नाही म्हणून! तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपण काय पुरून बसलो. त्या घरात तिच्या आवाजाचा दुसरा कणसुद्धा नव्हता हो. फोनवर निरोप ठेवणं तिला जमायचं नाही, यंत्राशी काय बोलायचं म्हणायची. एक आवाज होता, तो याने स्वतःच्या हाताने मातीत घातला.

आता आपण तरी काय करतो? भाद्रपदाच्या वद्य पक्षात ताट वाढून गच्चीवर उभं राहतो आणि काव काव करत कावळ्याला बोलावतो. शेजारी हसत नाहीत, कारण शेजारीही पलीकडच्या गच्चीवर तेच करत असतो. त्याच दिवसांत हॅल्वर एकटा किटली ओढ्याकडे निघाला, तर त्याला मी वेडा कुठल्या तोंडाने म्हणू? त्याच्या मनात एवढंच होतं, एकदा त्या कुरणात बसायचं. जिथे ओ द्यायचो तिथे. शिकारीचा परवाना काढला तोसुद्धा लोकांनी कारण विचारू नये म्हणून.

बरोबर खेचर. त्याचं नाव सिनेटर. काम कमी, आवाज फार. हे सिनेटर मागे कधीतरी हॅल्वरच्या आरोळी देण्याच्या नळकांड्यावर बसलं होतं, त्यामुळे नळकांडं नव्हतं. मग या पठ्ठ्याने काय केलं? आर्डिसच्या केर ओढायच्या यंत्राची नळी कापली! हातभर नळी, एका टोकाला रबर ताणून बांधलेलं... आणि घरात तेव्हापासून केर तसाच. कुणी विचारलं तर म्हणे, "नळी कामावर गेलीय."

दोन डोंगर ओलांडून हा कुरणाच्या तोंडाशी पोचला आणि बघतो तर काय! पांढरे तंबू! तंबूंना धुराडी! दोरीला वाळत घातलेले पायमोजे, दावणीला खेचरांची रांग, एक स्वयंपाक्या धिरडी उलटतोय, आणि जिथे आर्डिस पाठ टेकून बसायची त्याच खडकावर एक नवाकोरा हिरवा अंगरखा घातलेला गृहस्थ चॉकलेट खात बसलेला! ठेकेदार हो, शिकारीचे ठेकेदार... शहरातल्या हौशी माणसांना घोड्यावर घालून रानात आणायचं, खाऊपिऊ घालायचं, जनावर दाखवायचं, हा त्यांचा धंदा. तेवढ्यात खुद्द ठेकेदार आला. ड्वेन किंचलो नाव, मिशा घोड्याच्या नालासारख्या.

"काय काका, वाट चुकलात का?"

"वाट? तू बाटलीने दूध पीत होतास तेव्हापासून या वाटेने येतोय मी."

"असेल हो. पण या कुरणात आता आमचा तळ आहे. परवानगी आहे."

"परवानगी तंबूची आहे, पोरा. रानाची नाही. रान सगळ्यांचं आहे!"

"आहेच की! ओढ्यापलीकडचंही सगळ्यांचंच आहे. तिकडे जा."

"तिकडे चिखल आहे," हॅल्वर म्हणाला. "चिखलही सगळ्यांचाच," ठेकेदार म्हणाला. आणि ते हिरवे गृहस्थ चॉकलेट पुढे करून म्हणतात कसे, "घ्या ना काका, दमलेले दिसता." घेतलं नाही याने. अंगाची लाही झाली नुसती! 'या खडकावर माझी बायको बसायची' एवढं एक वाक्य बोलला असता तर ठेकेदार काय राक्षस होता? पण बर्फ लोटणारा माणूस... ते वाक्य बाहेर येण्याऐवजी तेच आलं, "रान सगळ्यांचं आहे!" आणि गेला पलीकडे चिखलात. तंबू उतारावर लागला. झोपेत माणूस घरंगळून खेचरापाशी, उठून वर जावं, पुन्हा घरंगळून खेचरापाशी... सिनेटरने काही तक्रार केली नाही, उलट त्याला ऊब झाली.

सकाळी धुकं उठलं तसा हॅल्वर नळी घेऊन बसला आणि त्याने आरोळी दिली. कशी झाली म्हणता? फुप्फुसं सत्तरीची, नळी केराची... गुरगुर झाली, शीळ अर्ध्यावर बसली आणि खाकरे मात्र अस्सल निघाले. आणि समोरच्या डोंगराच्या धारेवरून उत्तर आलं! असलं उत्तर, की देवदारावरचं दव गळावं! तरणाबांड नर, आवाजात मस्ती नुसती. हॅल्वरला त्याचा शब्द न् शब्द कळला: "कोण रे तो? घरी जा, थेरड्या!" याने पुन्हा नळी लावली: "तुझ्यासारखे बघितलेत छप्पन्न!" तिकडून: "ये की मग वर!" आणि निघाला की हा वर! धारेवर पोचावं तर आवाज पलीकडच्या घळीतून; घळीत उतरावं तर आवाज याच्या आधीच्या जागेवरून... दिवसभर ती शिवीगाळ! गुडघे बोलायला लागले, पण तुम्हाला खरं सांगतो, हॅल्वर माघापासून पहिल्यांदा सुखात होता. का नसावा? दिवसभर कुणीतरी त्याच्याशी भांडत होतं!

दुसऱ्या दिवशी मात्र पाय उचलेनात. एका पडलेल्या खोडाला टेकून बसला, धनुष्य मांडीवर, नळी गळ्यात. वारा पडला होता. खारीसुद्धा गप्प. अशी एक शांतता असते बघा, की जिच्यात माणसाला आपण किती एकटे आहोत हे मोजायला वेळ मिळतो. आणि त्या शांततेत, देवदारांच्या आतून...

हीऽऽयू-क्.

मंडळी, तुमच्या अंगावर काटा आला असेल तर त्याच्या कुठे कुठे आला असेल! श्वास धरला त्याने. म्हणाला असेल, कान वाजले. म्हणाला असेल, पक्षी आहे. आणि पुन्हा, तशीच, शेवटाला चिरलेली, उचकी लागलेली... हीऽऽयू-क्! आहेस ना रे?

आयुष्यभर शिकार केलेला माणूस. अशा वेळी हालायचं नाही हे त्याच्या हाडांना माहीत. पण त्याने धनुष्य झाडाला टेकलं, टोपी काढून हातात घेतली, आणि घशातल्या घशात, नळीबिळी न लावता, ओ दिली. हुं, हुं.

पलीकडे सगळं थिजलं. आणि मग झाडीतून एक माणसाचा आवाज, दबका, घाईचा: "खाली घ्या! डॉक्टर, धनुष्य खाली घ्या! ते जनावर नाही!"

"पण मला तर दोन हुंकार—"

"म्हणूनच सांगतोय ना, खाली घ्या!"

आणि फांद्या बाजूला सारून कोण उभं राहिलं? तोंडाला काळाहिरवा रंग फासलेला, घोड्याच्या नालासारख्या मिशांचा ड्वेन किंचलो! आणि त्याच्या पुढे ते हिरवे गृहस्थ, एका हातात धनुष्य, दुसऱ्या हातात चॉकलेट. ज्या हातात बाण असायचा तोच हात अडकलेला, म्हणून मी म्हणतो भगवंताने खाऊसुद्धा वेळ बघूनच निर्माण केलाय!

"म्हणजे काल दिवसभर... तो नर तुम्ही?" ठेकेदाराने विचारलं.

"आणि तो तू?"

"अहो काका, मी डॉक्टरांना सांगितलं, म्हातारा नर आहे, छातीचं काही खरं नाही त्याच्या, सहज मिळेल!"

एरवी यावर हॅल्वरने रान डोक्यावर घेतलं असतं. पण तो हलतच नव्हता. टोपी तशीच हातात. त्याने एवढंच विचारलं, "ही हाक तुला कुणी शिकवली?"

"ही? ही माझी खास आहे, काका." ठेकेदार खुलला. "मी नवा होतो, दुसऱ्याच्या हाताखाली खेचरं हाकत होतो, तेव्हा ओढ्याच्या या अंगाला दर वर्षी एक मादी यायची. घसा चिरलेली. पण तिच्या हाकेला नर कसे धावायचे! मी तिच्या मागे पोटावर सरपटलोय, काका, कित्येक वर्षं. कधी दिसली नाही. शेवटी हाक काढायला टाळूला लावतात ती रबराची पट्टी घेतली, चाकूने थोडी चिरली, आणि जमेपर्यंत घरच्यांचं डोकं उठवलं. तिच्याबरोबर एक खुळा नर असायचा, नुसतं हुं हुं करायचा. आज ते जवळून ऐकलं तेव्हा कळलं, हा तर माणसाचा घसा... मागच्या वर्षी आली नाही ती. म्हटलं, लांडग्यांनी नेली असेल. कुरण मोकळं दिसलं, म्हणून तर तळ इकडे हलवला."

"लांडग्यांनी नाही," हॅल्वर म्हणाला. "माघात गेली. घरी."

ठेकेदाराने हळूच डोक्यावरची टोपी काढली. आणि डॉक्टर... ते दातांचे डॉक्टर होते, हे सांगायचं राहिलंच... डॉक्टर म्हणाले, "म्हणजे आपण इतके दिवस काकूंच्या आवाजाने..." आणि चॉकलेट खिशात ठेवून दिलं.

मग ठेकेदाराने तोंडातली ती चिरलेली पट्टी काढली, विजारीला पुसली आणि हॅल्वरपुढे धरली. "तुमची आहे ही, काका. घ्या."

घेतली! तोंडात घातली, टाळूला लावली आणि फुंकर मारली... आणि वरची कवळी बाहेर! कवळी हो! टाळूला रबर लावायचं तर टाळू मोकळी नको? पुन्हा बसवली, पुन्हा बाहेर. डॉक्टरांना राहवेना, "तोंड उघडा बघू काका," म्हणून तिथेच, भर रानात, विजेरी लावून आत डोकावले आणि म्हणतात, "ही कुणी बसवली? सैल आहे फार." शेवटी माणूस आपापल्या विद्येनेच सांत्वन करतो! पण विद्येचा उपयोग नव्हता. घट्ट कवळी असती तरी ते साधणारं नव्हतं. ज्या आवाजासाठी हा डोंगर चढून आला तो याच्या तोंडातून निघणारच नव्हता. त्याने पट्टी पुसून परत दिली.

ठेकेदार म्हणाला, "उद्या सकाळी तुम्ही पुढे बसा. मी मागे बसतो. त्या खडकाशी. डॉक्टर तंबूत राहतील."

"मला धिरडी आवडतात," डॉक्टर म्हणाले. भला माणूस!

तर दुसऱ्या सकाळी, मंडळी, कुरणात दहिवर पडलेलं, गवत पांढरं, आणि हॅल्वर पुढे देवदाराआड धनुष्य घेऊन आपल्या जुन्या जागी. मागे खडकाशी तो मिशाळ माणूस. हाक गेली, हीऽऽयू-क्. आणि धारेवरून उत्तर आलं. या वेळी खरं! ठेकेदार मागे होता, डॉक्टर तंबूत होते, तेव्हा हा कुणी खात्यापित्या घरचा खराच. फांद्या मोडत, गवत उडवत, वाफा सोडत तो उतरला. केवढा! देवाने फुरसतीत घडवलेला! शिंगांवर ऊन, मान ताठ, डोळे हॅल्वरच्या पार पलीकडे, त्या मागच्या हाकेवर लागलेले. आला... आला... बगलेत आला. हॅल्वरने दोरी ओढली. आता फक्त बोटं सोडायची. नराचं पाऊल अडलं, त्याला अजून एकदा बोलवायला हवं, आणि मागून अगदी वेळेवर, अगदी हळू, आली...

हीऽऽयू-क्. आहेस ना रे?

आणि हॅल्वरने मागे वळून पाहिलं.

इतक्या भाद्रपदांत कधी पाहिलं नव्हतं त्याने! पाहायचंच नसतं, मागे कोण आहे हे माहीत असतं म्हणून तर पुढे बघता येतं! आणि आज त्याने पूर्ण मान वळवून पाहिलं. खडकाशी एक मिशाळ माणूस, गाल फुगवलेला. दुसरं कुणी नाही. दुसरं कोण असणार?

नराने ती हालचाल टिपली आणि झाला वाऱ्यासारखा पसार. ठेकेदार केस उपटत धावत आला. "काका! नर पुढे होता! पुढे!"

"दिसला मला," हॅल्वर म्हणाला. धनुष्याची दोरी सावकाश सैल केली. मग दुसरीकडेच बघत म्हणाला, "ती शेवटची जराशी लांबवतोस तू. ती इतकी लांबवायची नाही."

"शिकवा मग," ठेकेदार म्हणाला.

आणि बसले की दोघं दिवसभर त्या खडकाशी! हा म्हणतोय, आखूड कर, तो करतोय, हा म्हणतोय, इतकी नाही, तो पुन्हा करतोय, आणि दर बरोबर हाकेला याच्या घशातून आपोआप निघतंय, हुं, हुं... स्वयंपाक्याने धिरडी आणून ठेवली ती तशीच गार झाली.

तेव्हापासून हा गावभर ओरडत सुटलाय, रान सगळ्यांचं आहे, रान सगळ्यांचं आहे! मला आधी वाटायचं, कुरणासाठी ओरडतो. नाही हो. कुरण तर ठेकेदाराने त्याच दिवशी सोडलं, तंबू उपटून स्वतः चिखलात गेला. परवा मी त्याच्या घरी गेलो, जमिनीवर बोटभर केर, खिडकीशी हा बसलेला, नजर रस्त्यावर. म्हटलं, "हॅल्वर, आता कुरण परत मिळालं ना? मग चिडतोस कशाला?" तर माझ्याकडे बघितलं, कवळी जिभेने सावरली, आणि म्हणाला, "रान सगळ्यांचं आहे हो, मिळणारच. पण बायको माझी एकट्याची होती... आणि तिचा आवाज पुढच्या भाद्रपदापर्यंत त्या ठेकेदाराच्या तोंडात!"

असो. ज्यांच्या घरी जेवायच्या वेळी हाक जाते आणि ओ येते, त्यांची ओ कधी खंडू नये. ज्यांची खंडली, त्यांच्या दारी कुणी चिरक्या गळ्याचा, मिशाळ, कसाही का होईना, हाक घेऊन येवो. आणि जो आपणा सगळ्यांची हाक ऐकतो आणि क्वचितच हुंकारतो, तो तुमच्या, तुमच्या लेकराबाळांच्या आणि तुमच्या उंबऱ्याच्या वाट्याला एक तरी हुंकार ठेवो.